सर्जिकल स्टेपलर: मोटर-सेन्सर आधी, की एकसारखे रंग आधी?

यंत्रवेधी (धागाकर्ता)
मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. आतडं किंवा जठर कापून शिवायला जे स्टेपलर वापरतात त्यांच्या रचनेबद्दल इथल्या डॉक्टर मंडळींशी वाद घालायचा आहे.

१९०८ साली बुडापेस्टला ह्युमेर ह्युल्टल यांनी पहिला स्टेपलर वापरला. त्याचं वजन सुमारे ३.५ किलो होतं आणि जुळणीलाच २ तास लागत. १९६०च्या दशकात अमेरिकेत पिना भरलेली तयार कार्ट्रिज आली आणि हे हत्यार जगभर पोचलं. पण ज्या भागावर पिना मारायच्या तो किती जाड आहे, हे आजही बहुतेक वेळा सर्जनने अंदाजानेच ठरवायचं असतं. पिन इंग्रजी 'बी' अक्षरासारखी नीट वळली तर जोड पक्का बसतो. भाग जास्त जाड असेल तर पिन अर्धवट वळते, पातळ असेल तर रक्त थांबत नाही.

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, स्टेपलरबद्दल डॉक्टरांना पत्र काढलं. जानेवारी २०११ ते मार्च २०१८ या काळात ४१,०००हून अधिक तक्रारी आल्या होत्या. त्यांत ३६६ मृत्यू आणि ९,०००हून अधिक गंभीर इजा. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये शरीराच्या आत वापरायचे स्टेपलर पहिल्या वर्गातून दुसऱ्या, म्हणजे जास्त जोखमीच्या वर्गात टाकले.

माझं म्हणणं सरळ आहे. मोटर आणि दाब मोजणारा सेन्सर हीच किमान पातळी ठरवावी. हाताने दाबताना टोक हलतं, मोटरने कमी हलतं. जाड भाग आला की यंत्र आपोआप वेग कमी करतं, फारच जाड असेल तर थांबतं.

पोटाचा सर्जन
यंत्रवेधी, मुळीच पटलं नाही. ४१,००० हा तक्रारींचा आकडा आहे. त्या काळात एकूण किती वेळा स्टेपलर वापरले गेले ते त्यात नाही, आणि प्रत्येक मृत्यू यंत्रामुळेच झाला असंही त्यातून सिद्ध होत नाही. त्याच पत्रात चुकीच्या मापाच्या पिना आणि चुकीच्या जागी वापर, हीही कारणं दिली आहेत. सेन्सर जाडी ओळखेल, पण सुजलेलं, रक्तपुरवठा कमी असलेलं आतडं ओळखणार नाही. ते डोळ्यांनी आणि बोटांनीच कळतं.

आणि हाताने शिवणं काही मागासलेपण नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या आढाव्यात लहान आतडं मोठ्या आतड्याला जोडताना स्टेपलरने गळती कमी दिसली. मोठं आतडं गुदाशयाला जोडताना मात्र दोन्हींत फरक सिद्ध झाला नाही. तिथे स्टेपलर लागतो तो ओटीपोटात खोलवर हात पोचत नाही म्हणून.

आमच्या जिल्ह्याच्या गावी दर कार्ट्रिजचे पैसे पेशंट मोजतो. जठर लहान करण्याच्या एका ऑपरेशनला सहज पाच-सहा लागतात. त्यावर मोटर, बॅटरी, सेन्सर चढवलात तर हे हत्यार मोठ्या शहरांपुरतं उरेल. स्टेपलरच्या जबड्यात धरल्यावर १५ सेकंद थांबा म्हणजे भागातलं पाणी सरकतं आणि पिना नीट बसतात, हे शिकवायला दमडी लागत नाही.

ओटीतली ताई
दोघांचं वाचलं. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) सर्जनच्या हातात कार्ट्रिज देते मी, म्हणून लिहिते.

पिनेची उंची कळावी म्हणून कार्ट्रिजला रंग असतो, पण हे रंग सगळ्या कंपन्यांत एकसारखे नाहीत, त्याचं काय? एका कंपनीची निळी म्हणजे ३.५ मिमीची पिन, मिटल्यावर १.५ मिमी. दुसऱ्या कंपनीच्या एका मालिकेत निळीऐवजी जांभळी असते, आणि तिच्यात ३, ३.५ आणि ४ मिमी अशा तीन उंचीच्या ओळी. खरेदी विभागाने कंपनी बदलली की सगळ्या ओटीने नव्याने पाठांतर करायचं. तुमचा सेन्सर पुढची गोष्ट, आधी हे सुधारा.

यंत्रवेधी
ताई, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच कार्ट्रिजमध्ये चिप हवी असं मला वाटतं. चुकीची बसली तर हत्यार चालणारच नाही. रिकाम्या कार्ट्रिजवर स्टेपलरमधली कापणारी सुरी पुढे जाऊ नये म्हणून आज कुलूप असतंच, कारण पिना नसताना सुरी सरकली तर आतडं उघडंच कापलं जातं. चिप ही त्याच कुलपाची पुढची पायरी.

नाशिकचा पेशंट
चिप आली की एकाच कंपनीची कार्ट्रिज घ्यावी लागणार. माझ्या वडिलांच्या वेळी बिलातली सगळ्यात मोठी रक्कम याच सामानाची होती. सुरक्षेच्या नावाखाली ग्राहक बांधून घेतला जाऊ नये, एवढं तरी नियमात लिहा.

पोटाचा सर्जन
नेमकं हेच. आणि एक गोष्ट उघड बोलू. खर्च परवडत नाही म्हणून एकदाच वापरायची हत्यारं निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात. महागडं यंत्र आणलंत तर हे वाढेल, आणि झिजलेला जबडा पिना वाकड्या वळवतो. यंत्रवेधी, तुमच्या हाताखाली डिझाइनची माणसं असतील तर खूप वेळा निर्जंतुक करता येईल असा मजबूत हँडल आणि स्वस्त कार्ट्रिज, यावर काम करा.

यंत्रवेधी
टिकाऊ हँडल जरूर करू. पण मोटर त्याच हँडलमध्ये बसवता येते, खर्च अनेक पेशंटांत वाटला जातो. सेन्सरचा हट्ट मी सोडत नाही.

ओटीतली ताई
मग त्यासोबत माझंही लिहून घ्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनला ओटीतले दिवे मंद करतात. त्या उजेडात गडद हिरवी आणि काळी सारखीच दिसते. मिटलेल्या पिनेची उंची मिलिमीटरमध्ये, मोठ्या ठळक आकड्यात, कार्ट्रिजच्या दोन्ही बाजूंना छापा. रंग कुठल्याही कंपनीचा असो, मी आकडा मोठ्याने वाचेन आणि डॉक्टर 'हो' म्हणाल्याशिवाय हातात देणार नाही.