मदत हवी आहे: टाकीची सावली पडते, ३ किलोवॅट सोलर लावावं का?

मंडळी, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, घर जुनं, गच्चीच्या पश्चिमेला पाण्याची टाकी आणि दुपारी तीननंतर तिची सावली पार मधोमध येते, काल बाबांनी खडूने आखून बघितली. पीएम सूर्यघरची ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे आणि योजना मार्च २०२७ पर्यंतच, म्हणून आईची घाई चाललीय. व्हेंडर म्हणतो एवढ्याशा सावलीने काही होत नाही, पण मला नाही पटत, एका पॅनलवर सावली आली की अख्ख्या स्ट्रिंगला, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या साखळीला, फटका बसतो ना? मग मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनलला वेगळा छोटा इन्व्हर्टर) लावू की पॅनलखालचं स्ट्रक्चर उंच करू, जुना स्लॅब वारा झेलेल का? शिवाय कोटेशनमध्ये डीसीआर पॅनल (म्हणजे आतल्या सेलसकट भारतात बनलेले) असं लिहिलेलंच नाहीये, आणि सबसिडीला तेच लागतात. कोणी जुन्या घरावर बसवलंय का, प्लीज सांगा.