मदत हवी आहे: माळ्यावरचा अटाला कुठे द्यायचा? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात रामबागेतलं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये जातोय. माळा उपसला तर काय काय निघालं! २१ इंची डब्बा टीव्ही, व्हीसीआर, सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ, मुलाच्या कॉलेजातला सीपीयू, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, पिशवीभर सीएफएल आणि चार्जरचा गुंता. तो सोडवायच्या फंदात मी पडले नाही. शिवाय मुलाच्या ड्रॉवरमध्ये पाच मोबाइल. एकाचं झाकण तर आतून फुगून वर आलंय.

अण्णांच्या (सासऱ्यांच्या) मते यातलं काहीच टाकाऊ नाही, "एक टाका मारला की चालू". मुलगा म्हणतो, फोटो काढून ऑनलाइन टाक. आणि आमच्या ह्यांनी परस्पर अटालेवाल्याला बोलावलं. (बाहेरगावच्यांसाठी: इंदुरात भंगाराला अटाला म्हणतात.) त्याने सगळ्याचे मिळून सातशे सांगितले आणि विचारलं, टीव्ही इथेच अंगणात फोडू का, काच तुम्हीच ठेवा. तिथे मी हात जोडले.

आमच्या कचरागाडीला सहा कप्पे आहेत, त्यात ई-कचऱ्याचा वेगळा. चार्जर तिथे जातील. पण टीव्ही? आणि त्या फुगलेल्या फोनला हात लावायचा की नाही?

कायमचा_दुरुस्तीवाला:
ताई, आधी तो फोन. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टाचणीने "हवा काढायचा" उद्योग तर मुळीच नको. फुगलेल्या बॅटरीत हवा नसते, पेट घेणारा वायू असतो. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. मग सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा आणि घेऊन जा. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, बॅटरी दाबली गेली की आग लागते.

बाकीच्या चार फोनमधून गूगल खातं काढून रीसेट करा. सीपीयूची हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा. फाइल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही.

माळव्यातली_माई:
टीव्ही फोडू दिला नाहीत हे फार बरं केलंत. त्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. फोडणाऱ्याला हवं असतं ट्यूबच्या मानेवरच्या गुंडाळीचं तांबं, काच नाल्यात जाते. वायरींचंही तेच, तांब्यासाठी वरचं प्लॅस्टिक जाळतात आणि धूर आपल्याच नाकात. टीव्ही नोंदणीकृत रीसायकलरलाच द्या. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार (१ एप्रिल २०२३ पासून लागू) जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून आधी टीव्ही कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा. पैसे मिळतील ही आशा मात्र सोडा.

सीएफएल फोडू नका, त्यात पारा असतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळं पुडकं करून गाडीवाल्याच्या हातात द्या. इन्व्हर्टरची बॅटरी मात्र दुकानदार नवी घेताना वजा करतो, तिचे पैसे सोडू नका.

कायमचा_दुरुस्तीवाला:
आणि अण्णांचा रेडिओ देऊ नका हो! बऱ्याचदा जुने कॅपॅसिटर बदलले की तो बोलू लागतो. आपण दोन वर्षांत फोन बदलतो, त्यांनी एक रेडिओ जन्मभर वापरला. यात कचरा कोणी जास्त केला?

मूळ लेखिका:
धन्यवाद! फोन वाळूत गेला, अटालेवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. हे वाचून दाखवलं तर अण्णा मुलाकडे बघून नुसते हसले. रेडिओ येतोय फ्लॅटवर.

व्हीसीआरचं मात्र अडलंय. आत आमच्या लग्नाची कॅसेट अडकली आहे, आत्ताच कळलं. न तोडता काढून पेन ड्राइव्हवर घेऊन देणारं राजवाड्याच्या बाजूला कोणी आहे का?