तारेतली फुलं: २८ नंबरची तार दुसऱ्यांदा मण्यातून जातच नाही, खडे फुटतायत

रानजाई:
नमस्कार मंडळी, आता रडायचंच बाकी आहे म्हणून इथे विचारतेय. पुढच्या महिन्यात वहिनीचं डोहाळजेवण आहे. खऱ्या फुलांचे दागिने दोन-तीन तासांत मलूल होतात, प्लास्टिकचे तिला आवडत नाहीत, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले की मी करते, तारेत मणी ओवून फुलं, म्हणजे नंतरही घालता येतील. कानातले, गळ्यात एक छोटा सर, बिंदी आणि जमलं तर हातफूल. साडी हिरवी म्हणून लाल गार्नेट आणि पांढरे मोती, दोन्ही ४ मिमी.

एक अमेरिकन बाई व्हिडिओत २८ गेजची तार वापरते. पुण्यात बोहरी आळीत जाऊन २८ नंबरची तांब्याची तार आणली, मणी तिथेच जवळ रविवार पेठेत घेतले. पहिल्यांदा ओवताना सगळं मस्त, पण रिंगण बंद करायला तार त्याच मण्यातून परत घालायची असते ना, तिथे अडकते. पकडीने ओढलं की टिच्च. आतापर्यंत ११ गार्नेट गेले आणि मोत्यांमध्ये तर दुसऱ्यांदा शिरतच नाही. जे फूल कसंबसं पूर्ण होतं त्याची मागची तार पीळ देताना बुडाशी तुटते. शिवाय माझं पाच पाकळ्यांचं फूल सपाट बसत नाही, मधला मणी टेकाडासारखा वर येतो आणि पाकळ्या खाली झुकतात, उघड्या छत्रीसारख्या.

दुकानात परत विचारलं तर म्हणे मॅडम, २८ म्हणजे २८च. माझं नक्की काय चुकतंय?

झिपरी:
काही चुकत नाहीये, तुळशीबागेत जा, तयार सेट घ्या, घरी येऊन सांगा मीच केला. मी राखीच्या वेळी हेच केलं होतं, कुणाला कळलं नाही 😄

वाइंडिंगवाला:
ताई, तुमचंही चुकलं नाही आणि दुकानदाराचंही नाही. मी भोसरीत मोटर वाइंडिंगमध्ये हयात घालवली, दागिन्यातलं मला शून्य कळतं, पण तार कळते. २८ नंबर दोन असतात. आपल्याकडे वाइंडिंगची तार एसडब्ल्यूजीने विकतात, ते जुनं ब्रिटिश माप. तुमची अमेरिकन बाई एडब्ल्यूजी बोलतेय. तिची २८ म्हणजे ०.३२ मिमी, आपली २८ म्हणजे ०.३७६ मिमी. एवढ्याशा फरकाने काय होतं असं वाटेल, पण तुम्ही तार एकाच भोकातून दोनदा घालताय म्हणजे दुप्पट जाडीचा हिशोब झाला. तिला ०.६४ चं भोक पुरतं, तुम्हाला ०.७५ च्या पुढे लागतं, वर इनॅमल, म्हणजे वार्निशसारखा थर असेल तर त्याची जाडी आणखी वेगळी. मण्याचं भोक ०.७ असेल तर तिची तार सुळकन जाणार आणि तुमची अडकणार.

तिच्यासारखी तार हवी तर दुकानात ३० नंबर मागा, ती ०.३१५ भरते. कानातल्याचा हूक ती २० गेजचा सांगत असेल तर तुम्ही २१ मागा.

घरी व्हर्नियर नसेल तर पेन्सिलीवर तार २० वेढे घट्ट, एकाला एक चिकटून गुंडाळा आणि वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजा. साधारण साडेसात मिमी भरली तर ती आपली २८, साडेसहाच्या आत असेल तर अमेरिकन. नंबरावर विश्वास ठेवू नका, मिमीवर ठेवा.

बुडाशी तुटण्याचं कारण साधं आहे. तांबं वाकवलं की कडक होतं. एकाच जागी पीळ दिला, सोडवला, परत दिला की तिथेच मोडणार. सोनार ताव देऊन मऊ करतात, पण तुम्ही मणी ओवल्यावर तो मार्ग बंद. म्हणून पीळ एकदाच, एकाच दिशेला, तीन-चार वेढे आणि थांबा. आणि इनॅमलची तार गॅसवर धरू नका, धूर चांगला नसतो.

मोगरा_कसबा:
अगं रानजाई, ११ गार्नेट वाचून माझाच जीव कळवळला. मी नथी आणि कुड्या करते, आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आलंय, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून फक्त घरच्यांसाठी. वाइंडिंगवाले भाऊ तारेचं अगदी बरोबर सांगतायत, पण तुझं खरं दुखणं पाच पाकळ्यांचं आहे.

कुडी जवळून पाहिलीयस का कधी? आमच्या घरातल्या कुड्या सात मोत्यांच्या, मध्ये एक, भोवती सहा. सगळे मोती एका मापाचे असले की सहाच बसतात, मोजून सहा, फट राहत नाही आणि मधला वरही येत नाही. तू पाच घेतलेस आणि मधलाही तेवढाच, मग त्याला बसायला जागा कुठे आहे बाई, तो वरच चढणार.

आता हात कसा चालवायचा ते सांगते. हातभर तार घे, जास्त नको, लांब तारेला गाठी पडतात आणि पडलेली गाठ ओढून सरळ केली की तिथे तार गेलीच समज. सहा मणी ओव, ते तारेच्या मध्यावर आण, मग एक टोक पहिल्या मण्यातून पुन्हा त्याच दिशेने काढ म्हणजे रिंगण झालं. आता त्या टोकात मधला मणी घाल आणि समोरच्या चौथ्या मण्यात, त्याच्या पाचव्याकडच्या तोंडातून शीर, म्हणजे मधला बरोबर आडवा ओढला जातो. बघ, दोनदा तार गेली ती फक्त पहिल्या आणि चौथ्या मण्यात. म्हणून ओवायच्या आधी सगळ्यात मोठ्या भोकाचे दोन मणी शोधून ठेव आणि ते या दोन जागांवर घाल. मी तर दोन्ही तारा एकदम आत घालून बघते, बसल्या की तो मणी वेगळ्या वाटीत.

ओढायचं ते बोटांनी, पकडीने नाही. बोटाला कळतं अडकलंय ते, पकडीला कळत नाही.

मोत्यांसाठी ही तारसुद्धा जाड आहे. मोती वजनावर विकला जातो म्हणून चांगल्या मोत्याला भोक बारीकच पाडतात. तिथे ३३-३४ नंबर घे किंवा सराफाकडून शुद्ध चांदीची बारीक तार, ती ९२५ च्या मिश्र चांदीपेक्षा मऊ असते, हाताला लोण्यासारखी लागते.

आणि हातफूल नको करूस. सातव्या महिन्यात बोटं सुजतात, माझ्या लेकीची अंगठी साबण लावून काढावी लागली होती.

वाइंडिंगवाला:
काकूंचं सहा वाचून कागदावर मांडून बघितलं. पाचच पाकळ्या हव्या असतील तर मधला मणी पाकळीच्या ०.७ पट हवा. म्हणजे पाकळ्या ६ मिमी आणि मधला ४ मिमी. आठ करायच्या तर मधला १.६ पट, म्हणजे भोवती ४ मिमीचे आठ, मध्ये ६ मिमी. ताईंकडे ४ मिमी भरपूर आहेत, ६ मिमीचे थोडे आणले की दोन्ही प्रकार होतील.

खडेबाज:
तारेचं झालं, आता खड्यांवर कुणीतरी बोला, मीच बोलतो. गार्नेट, ज्याला बाजारात तामडा म्हणतात, तो कडक असतो, मोह्‌सच्या मापावर साडेसहा ते साडेसात. तरी फुटतो कारण कडक आणि चिवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मण्याला भोक बहुधा दोन्ही बाजूंनी पाडतात, दोन्ही भोकं मध्ये भेटतात तिथे कधीकधी पायरी राहते. तुमची वाकडी तार तिथे पाचरीसारखी बसते आणि वर पकडीचा जोर. मणी घेतानाच उजेडासमोर धरून भोक आरपार सरळ दिसतंय का पाहायचं. भोकाचा काठ धारदार असेल तरी तार तिथे घासून तुटते, बुडाशी तुटण्यात त्याचाही हात असू शकतो.

मोती फार मऊ, अडीच ते साडेचार. एकाच डबीत गार्नेटबरोबर ठेवले की ओरखडे. अत्तर, हेअर स्प्रे आधी, दागिना शेवटी.

कुणी फिरोजा स्वस्तात देत असेल तर तो बऱ्याचदा रंगवलेला हाउलाइट नावाचा पांढरा दगड असतो. एका मण्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवा, निळा उतरला की कळलं. कटेला, म्हणजे अ‍ॅमेथिस्ट घेतलात तर उन्हात ठेवून देऊ नका, जांभळा फिका पडतो.

दरवेळी कुणीतरी विचारतंच म्हणून आधीच सांगतो: वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हान्साइट जगभरच्या संग्राहकांना वेड लावतो, पण तो कपाटातच शोभतो, ओवायला गेलात तर हातात भुगा येईल. आपल्या भागातला अपोफिलाइटही दिसायला हिऱ्यासारखा पण थरावर सुटतो. तेव्हा "पुण्याचे खडे, पुण्याचा दागिना" ही कल्पना सुंदर आहे आणि ती सोडून द्या.

झिपरी:
मी तुळशीबाग म्हणाले तेव्हा कुणी ऐकलं नाही, आता बघा किती गणित करावं लागतंय.

रानजाई:
काय लोक आहात तुम्ही! पेन्सिलीवर २० वेढे, बरोब्बर साडेसात मिमी. मी ती पट्टीच दुकानात घेऊन जाणार होते पण आई म्हणाली नको, पुन्हा जायचंय तिथे.

शनिवारी मेट्रोने मंडईला उतरून चालत गेले (गाडी घेऊन त्या गल्लीत जायची माझी हिंमत नाही), ३० नंबर आणली आणि मोत्यांसाठी ३४. दुकानदाराला मिमीत सांगितलं तर त्याने आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं. काल रात्री काकूंच्या पद्धतीने वाट्या मांडून बसले, दोन तारा जाणारे मणी एकीत, बाकीचे दुसरीत. शंभरातले जेमतेम ३० मोठ्या भोकाचे निघाले पण फुलाला दोनच लागतात म्हटल्यावर पुरे झाले. सहा गार्नेट, मध्ये मोती, पहिलं फूल सपाट!! चार फुलं झाली, एकही मणी फुटला नाही. हातफूल रद्द.

आता एकच. कानातल्याच्या मागे पिळाचं टोक टोचतं. कापलं तर पीळ सुटेल अशी भीती वाटते, आणि तांबं कानाला लागून हिरवं होईल का?

मोगरा_कसबा:
शाब्बास गं. पीळ कापू नकोस, दोन्ही टोकं वेगवेगळी कर, एकेक शेजारच्या दोन मण्यांच्या मधल्या तारेला दोन वेढे देऊन मगच काप, आणि कापलेलं टोक चिमट्याने मण्याच्या पोटाखाली दाबून टाक. गालावर फिरवून बघ, बोटापेक्षा गालाला लवकर कळतं.

कानात जाणारा भाग तांब्याचा अजिबात नको, इनॅमल कापलेल्या टोकाला निघालेलंच असतं. चांदीची तयार दांडी आणि फिरकी आण, फूल तिच्यावर बांध. बांधायच्या आधी नुसती दांडी वहिनीच्या कानात घालून बघ, माझ्या भाचीचं भोक इतकं बारीक होतं की ऐन कार्यक्रमात मीच तुपाचं बोट घेऊन बसले होते.

रानजाई:
तिला कळू न देता कानात दांडी कशी घालून बघू 😭

झिपरी:
तुळशीबागेत घेऊन जा, सांग मला घ्यायचेत, तू जरा घालून दाखव.