खांदेरीच्या वेढ्यात बेटावरच्या माणसांना रसद कशी पोचत होती?

थळची_बाई
नमस्कार. मी अलिबाग तालुक्यात, थळजवळच्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवते. यंदाच्या स्नेहसंमेलनात १६७९ च्या खांदेरीच्या लढाईवर मुलांकडून नाटक बसवायचं आहे. शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी पावसाळा सरता सरता माणसं घेऊन बेटावर उतरले, तटाचं काम सुरू केलं, मुंबईहून इंग्रजांची जहाजं आली, १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा दौलतखान आरमार घेऊन त्यांच्यावर चालून गेला, इतकं सगळीकडे मिळतं. पण मुलं भलतंच विचारतात. "बाई, ते लोक जेवत काय होते? पाणी कुठून आणत होते? इंग्रज मध्ये उभे असताना होडी जायची कशी?" खांदेरी-उंदेरी ही दोन्ही बेटं आमच्या रोजच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे काहीतरी सांगून वेळ मारून नेता येत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

निवृत्त_सुभेदार_दापोली
बाई, मुलांना माझा आशीर्वाद सांगा. लढाईच्या गोष्टी ऐकताना हे मोठी माणसंसुद्धा विचारत नाहीत.

माझी सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद-पुरवठ्यात गेली. लडाखला झोजिला बर्फानं बंद व्हायच्या आत पुढच्या चौक्यांचा हिवाळ्याचा साठा भरावा लागायचा. एखाद्या चौकीत मोजके जवान असले तरी पीठ, डाळ, रॉकेल, औषधं, बॅटऱ्या ही यादी संपत नाही. त्यात लादण्याचीही रीत असते. रॉकेलचा कॅन पिठाच्या पोत्यालगत ठेवला आणि वाटेत थोडा जरी गळला, तर ते पोतं वर पोचूनही न पोचल्यासारखंच. वर बसलेल्याला दुसरं मिळणार नसतं. म्हणून खांदेरीचं नाव निघालं की माझं लक्ष तोफांच्या आधी कोठाराकडे जातं.

मुलांकडून फळ्यावर हिशेब करून घ्या. बेटावर दीडशे माणसं धरा. दगड वाहणारा, रात्री पहारा करणारा माणूस आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात नुसतं प्यायला पाच लिटर पाणी मागतो. म्हणजे रोजचं साडेसातशे लिटर, रांधायचं वेगळं. धान्य माणशी पाऊण किलो धरलं तर महिन्याला तीन टनांच्या वर जातं. शिवाय चुलीला लाकूड, तटाला चुना, तोफांना दारूगोळा, जखमीला पट्टी. परतीच्या होडीत आजारी आणि जखमी माणसं. हे सगळं थळ, नागाव, चौल या बाजूच्या माणसांनी ओढलं तेव्हा बेट उभं राहिलं.

पाण्याबद्दल रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या राज्यकारभारावरच्या ग्रंथात फार मोलाचं सांगितलंय. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात. हे ज्यानं लिहिलं त्याला वेढा म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. मायनाक पावसाच्या शेवटी उतरले त्यात मला हाच विचार दिसतो. खडकातल्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं, आणि खवळलेल्या दर्यात मोठी जहाजं लगेच अंगावर येत नाहीत. त्या अवधीत उतरण्याच्या जागांवर आडोसे उभे झाले. सप्टेंबरात इंग्रजांनी बेटावर उतरायचा प्रयत्न केला तो तिथेच फसला, त्यांचा लेफ्टनंट थॉर्प त्यात मारला गेला.

मग इंग्रजांनी कोंडी धरली. त्यांची 'रिव्हेंज' ही मोठी लढाऊ बोट, जोडीला गुराबा, म्हणजे शिडाची लढाऊ गलबतं, आणि भाड्यानं घेतलेल्या लहान नावा. तरी रात्री आपल्या होड्या निसटून बेटाला लागतच होत्या. ही तक्रार खुद्द इंग्रजांच्या पत्रांत आहे. १८ ऑक्टोबरला दौलतखान चालून गेला तेव्हा 'डव्ह' नावाची गुराब आपल्या हाती लागली. 'रिव्हेंज' एकटी लढत राहिली, आणि दौलतखान खाडीकडे परतला. किती जहाजं बुडाली, पळाली यावर लोक वाद घालतात. मी एवढंच पाहतो की लढाईनंतरही बेटाचा पुरवठा तुटला नाही.

पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीनं उंदेरी बळकावून तिथे तोफा चढवल्या. नकाशा उघडून बघा. उंदेरी लहान, पण किनाऱ्याला जवळची. थळहून खांदेरीला जाणारी होडी तिच्याच माऱ्यात येते. खांदेरी घेता येत नाही म्हटल्यावर त्यानं खांदेरीची वाट धरली. दौलतखानानं उंदेरी परत घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. इंग्रजांनी मात्र लवकरच समझोता केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

थळची_बाई
सुभेदारसाहेब, मनापासून आभार. आज वर्गात फळ्यावर हिशेब केला. आकडा आल्यावर पोरं गप्पच झाली. एकानं विचारलं, "एवढं सगळं होडीनं?" आता प्रश्न उरला रात्रीचा. अंधारात, मध्ये इंग्रज, खाली खडक. हे कसं जमायचं?

नाखवा_रेवदंडा
बाई, हे मी सांगतो. पोटापाण्याला याच दर्यावर फिरतो.

पहिली गोष्ट भरतीची. घड्याळ नव्हतं, पण तिथी प्रत्येकाला ठाऊक असायची. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पुरी, आणि मध्यरात्री ओहोटी. अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती पुरी, तीही उधाणाची. म्हणजे चंद्र नाही आणि ऐन रात्री पाणी सगळ्यात जास्त. थळच्या पुढ्यात जे खडक ओहोटीला उघडे पडतात त्यांच्यावरून उथळ बुडाची होडी तेव्हा सरळ निघते. मोठं जहाज तिथे शिरू शकत नाही, त्याला खोल पाण्यातच उभं राहावं लागतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी फारसं चढत नाही, तेव्हा होडी लांबून, उघड्यावरून न्यावी लागते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पाऊस गेला की रात्री उशिरा जमिनीवरून मतलई सुटते. किनाऱ्यावरून बेटाकडे जायला हा वारा पाठीला येतो. परत येताना तोंडावर, म्हणून वल्ही मारत उजाडायच्या आत यायचं. दिवसाच्या खाऱ्या वाऱ्याची वाट पाहिली तर उजेडात सापडलात. आणि वारा अगदी पडला की शिडाचं जहाज जागच्या जागी, वल्ह्याची होडी मात्र चालते. म्हणून वारा पडला तरी आपली माणसं खूशच असणार.

खरी परीक्षा बेटाला लागताना. उधाणाला खडकावर लाट जोरात मारते. एकानं वल्ह्यानं होडी खडकापासून लांब धरायची, दुसऱ्यानं लाट वर आली की त्याच दमात गोणी वरच्या माणसाच्या हातात द्यायची. लाट खाली गेली की थांबायचं. घाई केली तर गोणी पाण्यात आणि हात खडक-होडीच्या मध्ये. आजही बेटावर सामान उतरवताना खलाशी ओरडतात, "आता! आता!" नाटकात हे घ्याच.

निवृत्त_सुभेदार_दापोली
नाखवांनी सांगितलं ते वाचून धन्य वाटलं. माझी एक भर. तोफांच्या दारूचे बुधले आणि तांदूळ वर, झाकून, भिजणार नाहीत असे. पाण्याची पिंपं तळाला, म्हणजे होडी हलत नाही. बेटावर जे आधी लागणार ते होडीत शेवटी भरायचं.

थळची_बाई
एक प्रवेश किनाऱ्यावरच्या कोठीचा करायचा ठरवलाय. पण कोठी सांभाळणाऱ्या कारकुनाला मुलं भूमिका मानायलाच तयार नाहीत. सगळ्यांना मायनाक व्हायचंय.

निवृत्त_सुभेदार_दापोली
मग त्यांना महाराजांचं जानेवारी १६७५ चं पत्र वाचून दाखवा. प्रभावळी प्रांताचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. मुरूडसमोर समुद्रात पद्मदुर्ग किल्ला उभा राहत होता, सिद्दी टपून होता. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमारासाठी रोकड आणि धान्य द्यायचा हुकूम या सुभेदाराला होता. ते त्यानं वेळेवर दिलं नाही, म्हणून आरमार पद्मदुर्गाच्या मदतीला वेळेवर जाईना. महाराज त्याला विचारतात की सिद्दीनं काही देऊन तुला आपलासा केलं की काय, आणि ब्राह्मण म्हणून तुझा मुलाहिजा कोण ठेवणार, असं बजावतात. तोफ डागायला चुकलेल्याला नव्हे, धान्य न पोचवणाऱ्याला हे शब्द आहेत. पद्मदुर्गावरच्या माणसांच्या जिवाची जबाबदारी महाराजांनी सरळ त्या कारकुनी टेबलावर ठेवली. नोकरीत माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी हे पत्र सांगत असे.

कारकुनाची भूमिका वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला किंवा मुलीला द्या. अमावास्या परवावर आली आहे, तांदूळ आलेला नाही, होडीवाले दारात उभे आहेत, आणि त्याला रात्रीच्या आत तो उभा करायचा आहे, असा प्रवेश लिहा. संवाद लिहून झाले की इथे टाका, मी आणि नाखवा मिळून तपासून देतो.

नाखवा_रेवदंडा
देतो की. आणि वल्ही पुठ्ठ्याची करू नका, बाई. आमच्याकडे दोन जुनी खरी पडून आहेत, ती पोचवतो.