मदत हवी आहे: एनपीएस (ग्राहक आपलं नाव इतरांना सुचवतील का, याचा स्कोअर) ३५ वरून २० वर; खरी घसरण की आकड्यांचा खेळ?

आमचं दुचाकी सर्व्हिस सेंटर आहे. महिन्याला साधारण ३०० गाड्या. गाडी दिल्यावर दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर एकच प्रश्न जातो: 'मित्राला आमचं नाव सुचवाल का?' ० ते १० गुण.

उत्तरं जेमतेम ४० येतात. मागच्या महिन्यात ९-१० देणारे २२, ७-८ देणारे १०, ६ किंवा कमी देणारे ८; म्हणजे ९-१० वाले ५५ टक्के वजा ६ किंवा कमी वाले २० टक्के = ३५. या महिन्यात १८, १२, १०, स्कोअर २०. मालक मेकॅनिकांवर उखडलेत. मला मात्र कामात काहीच फरक दिसत नाही.

आठवणीचा मेसेज पाठवून पाहिला, उत्तरं वाढली नाहीत. फोन केले तर सगळे भिडेखातर १० देतात, म्हणून ते आकडे धरले नाहीत. शिवाय आपल्याकडे ६ म्हणजे फर्स्ट क्लास! 'काम छान' लिहून ६ देणारेही आहेत.

प्रश्न आणि मोजपट्टी कंपनीची, बदलता येत नाही. हाताशी फक्त एक्सेल.

४० उत्तरांवर १५ गुणांचा फरक खरा मानायचा का? एक्सेलमध्ये ते कसं तपासू? की तीन महिन्यांची उत्तरं एकत्र करूनच स्कोअर काढावा?