मदत हवी आहे : निवडणूक देणग्या आणि कॉपीराइट कायदा यांतला संबंध कसा तपासावा?

नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यात राहतो आणि गेली काही वर्षे गावोगावच्या जत्रांतली दशावतारी नाटके, मंडळांची लेखी संमती घेऊन, यूट्यूबवर ठेवतो. गेल्या कार्तिकातल्या एका जत्रेचे रात्रभराचे आख्यान चढवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका संगीत कंपनीचा कॉपीराइट दावा आला. दाव्यात दाखवलेला भाग जेमतेम पावणेदोन मिनिटांचा होता : राजाच्या प्रवेशाआधी पेटीवर बसलेल्या बुवांनी धरलेले जुने नाट्यपद, साथीला मृदंग आणि झांज, आणि मागे खाजेवाल्याच्या दुकानातली गडबड. त्या पदाचे कवी जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत आणि आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतर ६० वर्षांनी पद सर्वांचे होते. कंपनीकडे त्याच पदाचे एक ध्वनिमुद्रण आहे, एवढाच तिचा संबंध. मी हरकत नोंदवली, ती दावा करणाऱ्या कंपनीकडेच निर्णयासाठी गेली आणि तिनेच फेटाळली.

आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे, की तक्रारीवरून अडवलेली सामग्री २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास पुन्हा खुली करता येते. म्हणजे न्यायालयात जाण्याचा भार तक्रारदारावर आहे. प्रत्यक्षात मात्र आमच्या जत्रेतल्या पदाचा निकाल यूट्यूबच्या ज्या व्यवस्थेने लावला, तिची मुळे अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात आहेत, ज्याने तक्रार येताच इंटरनेटवरची सामग्री काढण्याची पद्धत घालून दिली. तो कायदा कोणाच्या आग्रहाने झाला आणि त्यांनी निवडणुकांत कोणाला पैसे दिले, याचा शोध मी घेऊ लागलो, आणि इथेच अडलो आहे.

अमेरिकेत २०० डॉलरच्या वरची देणगी देणाऱ्याचे नाव निवडणूक आयोगाकडे नोंदवावे लागते, त्यामुळे करमणूक उद्योगातून कोणाला किती पैसे गेले हे पाहता येते. माझी समजूत होती, की एका बाजूला देणग्या आणि दुसऱ्या बाजूला प्रतिनिधींनी विधेयकावर दिलेली मते ठेवली की चित्र स्पष्ट होईल. परंतु १९९८ चा तो कायदा प्रतिनिधीगृहात आवाजी मतदानाने आणि सिनेटमध्ये एकमताने संमत झाला. कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवणारा त्याच वर्षीचा दुसरा कायदाही असाच, नावानिशी मते न नोंदवता, संमत झाला. मग देणगी जुळवायची तरी कशाशी? शिवाय आपल्याला अनुकूल असलेल्यालाच उद्योग पैसे देतो, की पैसे मिळाल्यावर तो अनुकूल होतो, हेही केवळ आकड्यांवरून ठरत नाही.

उलट बाजूचे दाखलेही आहेत. २०१२ मध्ये इंटरनेटवरील चोरट्या प्रतींविरुद्धच्या सोपा आणि पिपा या अमेरिकी विधेयकांच्या मागे चित्रपट व संगीत उद्योगाचे मोठे बळ होते, तरी १८ जानेवारीला त्यांच्या निषेधार्थ इंग्रजी विकिपीडिया दिवसभर बंद राहिला, अनेक सिनेटरांनी पाठिंबा काढून घेतला आणि दोन दिवसांत मतदान पुढे ढकलले गेले. आपल्याकडे १९९२ मध्ये मुदत ५० वरून ६० वर्षे झाली, ती रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क संपत आल्यामुळे; तिथे कंपन्यांच्या पैशाचे कारण मला कुठेच दिसत नाही.

भारतात तर गाठ अधिक घट्ट आहे. देणगी खासदाराला नव्हे, पक्षाला जाते, आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे खासदाराला पक्षादेशाप्रमाणेच मत द्यावे लागते. निवडणूक रोख्यांमुळे देणगीदारांची नावेही झाकलेली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवल्यावर मार्चमध्ये नावे बाहेर आली. लॉबिंग, म्हणजे कायदे करणाऱ्यांकडे आपल्या हितासाठी पाठपुरावा, कोणी, कोणत्या विधेयकासाठी केले याची नोंद ठेवणारा कायदा अमेरिकेत आहे, आपल्याकडे नाही.

आम्ही काही मंडळांचे चालक आणि चित्रीकरण करणारे मिळून आमच्या खासदारांना निवेदन देणार आहोत, ज्यात खोट्या दाव्याला दंड असावा अशी मागणी आहे. त्यात पैशाच्या प्रभावाविषयी एक परिच्छेद असावा असा आग्रह मीच धरला. पुराव्यावाचून कोणावर आरोप करणे मला पटत नाही, पण ज्या कायद्याने बुवांचे पद अडवले तो कोणाच्या सोयीसाठी लिहिला गेला हे न विचारणेही पटत नाही.

म्हणून जाणकारांना विनंती, की मतांची नोंद नसताना अभ्यासक काय पाहतात ते सांगावे. विधेयकाच्या मसुद्यात एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत झालेले शब्दांचे बदल, की समितीपुढे साक्षीला कोणाला बोलावले आणि कोणाला नाही हे? आपल्या २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीच्या वेळी संसदीय स्थायी समितीपुढे कोणी काय मांडले ते कोणी वाचले असल्यास त्यातला दशावतारासारख्या लोककलांना लागू पडणारा भाग कृपया इथे द्यावा. पक्षांना मिळालेल्या २०,००० रुपयांवरच्या देणग्यांचे अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. त्यांतून संगीत व चित्रपट कंपन्या वेगळ्या काढण्याची सोपी रीत कोणाला माहीत असेल, आणि मधे इलेक्टोरल ट्रस्ट (देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था) असल्यास मूळ देणगीदारापर्यंत कसे पोचायचे हेही सांगता येईल, तर फार उपकार होतील. निवेदनाचा मसुदा पुढच्या रविवारी वाचनालयात सर्वांपुढे वाचायचा आहे.