मदत हवी आहे: वाचनालयाची जुनी यादी बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधून बाहेर कशी काढू?

खाडीकाठ:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

गुहागर तालुक्यात खाडीच्या अंगाला आमचं गाव, गावात अनुदानावर चालणारं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, साधारण साडेसात हजार पुस्तकं. गेल्या गणपतीनंतर मी कार्यवाह झाले. २००४ साली तेव्हाच्या कमिटीने ग्रंथालयाचं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं, त्याच्याबरोबर एक डाँगल आलं होतं, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं, ते लावल्याशिवाय प्रोग्राम उघडतच नाही. यंदाच्या पावसात त्या डाँगलच्या पिनांवर हिरवा थर चढला. आमच्याकडची खारी हवा तुम्हाला माहितीच आहे, दाराच्या कड्या टिकत नाहीत तिथे पिना काय टिकणार. पेट्रोलने पुसून बघितलं, खोडरबराने घासून बघितलं, एक पिन हातातच आली. ज्यांनी विकलं त्यांचं दुकान केव्हाच बंद झालंय, फोन लागत नाही.

आता यात काय अडकलंय ते सांगते. आमचे आधीचे ग्रंथपाल म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी चार वर्षं रोज संध्याकाळी बसून दोन बोटांनी अख्खं दाखल रजिस्टर त्यात चढवलं. लाईट गेली की कंदिलाच्या उजेडात पुढच्या नोंदी कागदावर काढून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी टाईप करायचे, मी लहानपणी हे डोळ्यांनी बघितलंय. गुरुजी आता नाहीत. आणि रजिस्टरच्या पहिल्या दोन वह्या वाळवीने खाल्ल्या, म्हणजे सुरुवातीच्या तीनेक हजार पुस्तकांची नोंद आता फक्त त्या कॉम्प्युटरात आहे.

नुसती नावं-किमती असत्या तर कपाटं रिकामी करून परत यादी केली असती, माणसं आहेत, हात आहेत. पण गुरुजी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे. पुस्तक कुणी दिलं, कधी दिलं, का दिलं. जुनी प्रिंटाऊट काढलेलं एक पान मला सापडलं त्यात एका पुस्तकासमोर लिहिलंय, "गिरणी बंद पडल्यावर गावी परत आले तेव्हा ट्रंकेतून आणलेले, स्वतः वाचून मग दिले." हे पुस्तक बघून कळणारं नाही हो. हे गेलं तर गावाचंच काहीतरी गेलं असं मला वाटतं.

आतापर्यंत काय केलं ते लिहिते. रत्नागिरीत इंजिनियरिंगला असलेल्या भाच्याने जुनी हार्डडिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरला लावली, चालू झाली, डेटाच्या फोल्डरमध्ये डीबीएफ प्रकारच्या, म्हणजे जुन्या डेटाबेसच्या तक्त्यांच्या फाईली मिळाल्या. त्या लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारखंच, पण मुक्त) सरळ उघडल्या, डाँगल नको की पासवर्ड नको! मला रडूच आलं. पण आत मराठी नाही, सगळी डोक्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं, पौंडाचं चिन्ह, उलटं प्रश्नचिन्ह असलं. जुना मराठी फॉन्ट टाकला की बरंचसं मराठी दिसतं, पण मधेमधे भलतंच अक्षर येतं नाहीतर अक्षर गायब, आणि शोधायला गेलं तर काही सापडत नाही. शेऱ्याचा रकाना तर पूर्ण कोराच आहे, त्यामुळे जीव खालीवर होतोय.

दुसरं म्हणजे वाचनालयाला देणगीत मिळालेले दोन कॉम्प्युटर आहेत, चौथ्या पिढीचे आय-थ्री, चार जीबी रॅम, विंडोज टेन. १४ ऑक्टोबर २०२५ ला टेनचा सपोर्ट संपला, अकरा त्यावर बसत नाही कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. चालती मशिनं भंगारात घालायला मन होत नाही. भाचा म्हणतो विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी मुक्त प्रणाली टाकू. कमिटीत एकजण म्हणाले, "फुकट दिलंन म्हणजे त्यात कायतरी खोट असणारच." मी त्यांना म्हटलं काका, पैसे मोजून घेतलेल्याने काय केलं ते बघितलंत ना. मराठीत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, आपली यादी आपल्याच कपाटात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे परत नको एवढंच माझं म्हणणं आहे.

तर मला कळवा की हे मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता-शोधता येईल असं कसं आणायचं, शेरे कुठे गेले असतील, आणि पुढे कोहा वगैरे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर लावावं की आमच्यासारख्यांना ते झेपणार नाही. फेब्रुवारीत तपासणी आहे, त्याच्या आत नीट यादी हवी.

डेबियनवाला:

ताई, आधी एक करा, त्या हार्डडिस्कची जशीच्या तशी कॉपी काढा आणि मूळ डिस्क पिशवीत सिलिका जेल घालून बाजूला ठेवा, परत लावूच नका. जे काय प्रयोग ते कॉपीवर.

शेरे गेलेले नाहीत, ९९ टक्के तिथेच आहेत. डीबीएफमध्ये मोठा मजकूर मेमो प्रकारच्या रकान्यात असतो आणि तो मजकूर मुख्य फाईलमध्ये नसतोच, त्याच नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असतो, सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या डेटाबेसवर केलेलं असेल तर एफपीटी, डीबेसवर असेल तर डीबीटी. भाच्याने बहुतेक फक्त डीबीएफ तेवढी उचलून आणली असेल. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये पाहिजेत. त्याला सांगा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत डीबीएफरीड म्हणून तयार कोडची लायब्ररी आहे, ती मेमोसकट वाचते.

अक्षरं गायब होतायत ते एन्कोडिंगमुळे, म्हणजे फाईलमधला कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवणाऱ्या यादीमुळे. कॅल्क उघडताना कॅरेक्टर सेट विचारतो, तिथे चुकीचा निवडला की अक्षरांची अदलाबदल होते. पायथनने वाचताना विंडोज-१२५२ देऊ नका, त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, तिथलं अक्षर आलं की एरर येते. लॅटिन-१ द्या, त्यात २५६ च्या २५६ जागा भरलेल्या आहेत, काही सांडत नाही.

मग उरतं फॉन्टचं रूपांतर. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे "कि" मध्ये वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर. रफार उलटा, जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी र आणि पाय मोडायचा. म्हणून नुसतं शोधा-बदला करून चालत नाही, क्रम हलवावा लागतो. तुमचा फॉन्ट कुठला ते नीट बघून त्याचाच रूपांतराचा तक्ता वापरा, दोन फॉन्ट सारखे दिसले तरी आतले आकडे वेगळे असतात.

मिंटबद्दल बिनधास्त राहा, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, चार जीबीत चालते. आधी पेनड्राईव्हवरून चालू करून प्रिंटर आणि वायफाय तपासा, मग इन्स्टॉल. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आयताच आहे.

निवृत्त ग्रंथपाल:

कोहाबद्दल लिहितो, आमच्या कॉलेजात आठ वर्षं वापरलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये ते करून घेतलं, का माहितीये, त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. म्हणजे तुमचीच अडचण. त्यांनी करून घेतलं आणि जगाला देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आपण आहेर म्हणतो तसं.

पण ताई घाई नको. कोहाला सर्व्हर म्हणून एक मशीन सतत नीट ठेवावं लागतं, बॅकअप बघावा लागतो, आणि भाचा पास होऊन पुण्याला गेला की कोण बघणार? आधी लिबरऑफिसच्या एका शीटमध्ये सगळी यादी आणा, दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत, शेरा. तपासणीला तेवढं पुरे. देवघेव सध्या वहीत चालू दे. कोहाचं पुढच्या वर्षी बघा.

सुपारीबाग:

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते आम्ही बघितलंय, वह्याही गेल्या आणि कॉम्प्युटरही गेले. यादी तयार झाली की तिची एक प्रत गावाबाहेर ठेवा, तुमचं मुंबईचं ग्रामस्थ मंडळ असेलच, त्यांच्याकडे द्या. आणि एक प्रत चांगल्या कागदावर छापून बांधून घ्या. मला मुक्त सॉफ्टवेअरचं कौतुक आहे पण लाईट नसताना वाचता येतो तो कागदच.

खाडीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिता आलं नाही, लाईट आणि नेट दोन्ही गेलं होतं.

डेबियनवाला, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, एफपीटी फाईल त्याच फोल्डरमध्ये होती, भाच्याने ती उचललीच नव्हती. रात्री साडेदहाला स्क्रिप्ट चालवली आणि ७४१२ नोंदी शेऱ्यांसकट आल्या. पहिल्या नोंदीचा शेरा, "वाचनालयाचे पहिले पुस्तक. पाटावर ठेवून पूजा केली." आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही.

मिंट एका मशीनवर टाकलंय, प्रिंटर लागला, स्कॅनर अजून नाही. काकांना बसवून इनस्क्रिप्टमध्ये नाव टाईप करायला लावलं, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि मग आपणहून गावाचं. कोहाचं निवृत्त ग्रंथपाल म्हणतात तसं पुढच्या वर्षावर ठेवलंय. छापील प्रत मुंबईच्या मंडळाला आणि एक चिपळूणच्या बहिणीकडे, पण तिचं घर वरच्या आळीत आहे.

आता एकच गोष्ट अडलीये. रूपांतरात "ऱ्य" सगळीकडे "र्य" झालाय. म्हणजे "दऱ्या" होत्या तिथे "दर्या" झालाय, डोंगरावरच्या पुस्तकात समुद्र घुसलाय, आणि आमच्याकडे खरोखरचा दर्या असलेली पुस्तकंही आहेत त्यामुळे सरसकट बदलता येत नाही. "आचाऱ्यांचे" आणि "आचार्यांचे" तेच. जुन्या फॉन्टात त्या अर्ध्या र ला वेगळं चिन्ह होतं असं भाचा म्हणतो, म्हणजे मूळ फाईलमध्ये फरक शिल्लक आहे, आमच्या तक्त्यातच ती ओळ नाही. कुणाकडे ऱ्य आणि ऱ्ह धरून केलेला तक्ता असेल तर इथेच टाका, फॉन्टचं नाव आणि त्या अक्षराचा आकडा मी उद्या फाईल बघून लिहिते.